दोन वाजताचं टेम्परेचर

आधी त्यांचं सांगते. मेल मेडिकल वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. नाव लिहीत नाही, त्यांना चालणार नाही. वैजापूरकडच्या, कांद्याची शेती असलेल्या घरातल्या. अंगानं रुंद, पांढऱ्या मोज्यांच्या आत दोन्ही पायांना क्रेप बँडेज गुंडाळलेलं, आणि तोंडानं इतक्या कडू की नवीन पोरी त्यांच्याबरोबर ड्यूटी लागली की रजा टाकायच्या. माझी नोकरी आणि माझ्या डोक्यावरचे पत्रे त्यांनी वाचवले. हे पहिल्यांदा लिहून ठेवते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणेल, ही बाई उपकार विसरली. विसरले नाही. पण त्या मला आवडत नव्हत्या. आणि मी त्यांना आवडत नाही हे त्या मला दिवसातून दोनदा तरी सांगायच्या.

मी भंडाऱ्याकडची. माझी शाळा नववीत रोवणी आली तेव्हा सुटली. धान लावायला घरात माणूस कमी होतं, म्हणून चार दिवस घरी ठेवलं, आणि ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. लग्न झालं आणि नवऱ्यामागं औरंगाबादला आले. आता पाट्यांवर छत्रपती संभाजीनगर आहे, माझ्या तोंडात अजून जुनंच येतं. नवरा वाळूजला कंपनीत होता. कंपनी बंद पडली, तो सुरतेला काम बघायला गेला. अजून बघतोय. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ये ना बाई. पन कायमची येऊ नको."

मग एका ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यात आया म्हणून लागले. कंत्राटावर. लाँड्रीच्या मागं पत्र्याच्या सहा खोल्या होत्या, त्यातली एक मिळाली. काम असेपर्यंत खोली. काम गेलं की त्याच दिवशी खोली रिकामी करायची, असं कागदावर लिहून सही घेतली होती. मला आधीच काळजी करायची सवय. गॅस बंद केला का हे मी तीनदा परत जाऊन बघते. त्या कागदानंतर मी रोज झोपताना सामान किती पिशव्यांत बसेल ते मनात बसवून बघायची. चार पिशव्या आणि एक बादली.

पहिल्याच दिवशी मी बोलता बोलता "मले सांगा" म्हणाले. झालं. पुढं दोन वर्षं मी "मले-तुले" होते. "ए मले-तुले, बेडपॅन आण." तिशीतली बाई मी, पण साठीचे पेशंटसुद्धा मला मावशी म्हणायचे, आणि ज्यांना मावशी म्हणायचा कंटाळा ते शिटी वाजवायचे.

त्या वॉर्डाचा मला राग आहे. अजून आहे. अडतीस खाटा, सकाळपाळीला दोन सिस्टर. कधी एकच. दर खाटेमागं तीन नातेवाईक, एक घाबरलेला, एक भांडणारा, आणि एक फोनवर बोलणारा. तिथं कुणी कुणाला धड हाक मारत नव्हतं. डॉक्टर सिस्टरवर ओरडायचे, सिस्टर आमच्यावर, आणि आम्ही झाडूवाल्या बाईवर. ती बिचारी कोपऱ्यातल्या मांजरावर.

"ओ सिस्टर, सलाईन संपली ना!"

"दिसतंय मला. डोळे हायेत."

"ही काय बोलायची पद्धत आहे?"

"पद्धत पाहिजे तर वरच्या मजल्यावर स्पेशल रूम घ्या. तिथं पद्धत भेटती. इथं सलाईन भेटती, ती बी मी मोकळी झाले की."

अशा आमच्या इन्चार्ज सिस्टर. पेशंटला त्या नावानं ओळखायच्याच नाहीत. एक रिटायर मास्तर आले होते, ते चिडून म्हणाले, "बाई, मला नाव आहे." सिस्टर म्हणाल्या, "नाव घरी ठिवा. इथं तुम्ही चौदा." मास्तर बरे होऊन जाताना सगळ्यांना पेढा देऊन गेले, त्यांना सोडून. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

सकाळी सातला यायच्या त्या दोनपर्यंत पाण्याचा घोट घ्यायच्या नाहीत. पाणी प्यायलं तर बाथरूमला जावं लागतं, आणि बाथरूमला गेलं की मागं काहीतरी होतं. त्यापायी त्यांना सारखी लघवीची आग व्हायची. मी एकदा घरून जवाचं पाणी उकळून बाटलीत नेलं. त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "हे माझ्यासाठी करतीस, अन् सात नंबरची चादर कोण बदलील?" बाटली मात्र परत दिली ती रिकामी होती. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, आणू का? तर म्हणाल्या, "लई लाड नको."

एकदा मी लिननच्या खोलीत चादरी आणायला गेले. सिस्टर तिथं उभ्या होत्या. कपाटाकडं तोंड करून, कपाळ धुतलेल्या चादरींच्या थप्पीला टेकवून. डोळे उघडे. किती वेळच्या तशा उभ्या होत्या कोण जाणे. मी दारातच थांबले.

"काय बघती?"

"काही नाही सिस्टर."

"चादरी मोजतीय मी."

मोजत नव्हत्या. त्या दिवशी मला त्यांची दया यायला पाहिजे होती. आली नाही. मला वाटलं, ही बाई कोसळली तर मी कुणाच्या हाताखाली जाईन. मला फक्त माझ्या चार पिशव्या दिसत होत्या.

आता माझ्या अक्षराचं सांगते, कारण सगळं त्यानं केलं.

शाळेतून मी काही आणलं असेल तर ते अक्षर. आमच्या शाळेत फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम माझ्याकडं होतं. गुरुजी म्हणायचे, पोरगी लिहीत नाही, रांगोळी काढते. आकडेही तसेच. माझा इंग्रजी चार वरून बंद असतो, काठीला लावलेल्या झेंड्यासारखा. आठ म्हणजे एकावर एक दोन गोल. वॉर्डात एकदा फळ्यावर जेवणाची यादी लिहायची होती, कुणी लिहीना, मी लिहिली. सिस्टर राउंडवरून आल्या आणि फळ्यापुढं थांबल्या.

"कुणी लिवलं हे?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या तळहाताला घाम सुटला. मला भीती नेहमी तळहातालाच वाटते.

"मी."

"हात चांगलाय. बाकी कायच नाय."

तेव्हापासून मी लिहायला लागले. आधी रजिस्टरचे मथळे. मग भरती झालेल्यांची नावं. मग टेम्परेचरचे चार्ट. दर पेशंटच्या खाटेला एक चौकटीचा कागद अडकवलेला असतो. त्यावर दिवसातून चार वेळा ताप, नाडी आणि श्वास मोजून टिंब द्यायचं, टिंबं रेघेनं जोडायची, आणि खाली आकडा लिहायचा. आयानं त्या कागदाला हात लावायचा नाही, हा नियम. सगळ्यांना माहीत होता. सिस्टर मोजून आकडे डाव्या तळहातावर पेनानं लिहून आणायच्या, हात माझ्यापुढं धरायच्या, आणि मी उतरवून घ्यायची. त्यांचं तेवढंच दहा मिनिटं बसणं व्हायचं. पहिल्या वर्षी तळहात आकड्यांनी भरलेला असायचा. दुसऱ्या वर्षी निम्मा. मग एक दिवस त्यांनी हात पुढं केलाच नाही. म्हणाल्या, "ज्यांचा काल ताप नव्हता, त्यांचं कालचं बघून टाक."

मी टाकलं. मला वाटलं, एवढा विश्वास. आज मला त्या वाटण्याची लाज वाटते.

आणि मला ती सरळ रेघ आवडायला लागली. रेघ वर गेली की डॉक्टर विचारतात, का गेली, कधी गेली, मला का नाही सांगितलं. रेघ सरळ असली की कुणी काही विचारत नाही, कागद उलटून पुढं जातात. दोन वाजता पाळी बदलायची. तेव्हा ओव्हर द्यायची, म्हणजे नवीन सिस्टरला प्रत्येक खाटेचा हिशेब समजावून सांगायचा. त्याआधी सगळे चार्ट भरलेले पाहिजेत. म्हणून मी काय करायची, एक वाजताच लिननच्या खोलीत बसून दोन वाजताचे आकडे टाकायची. अडतीस खाटा, अर्धा तास. सगळ्या दवाखान्यात माहीत होतं की मेल मेडिकलचे चार्ट सर्वांत सुंदर.

त्याच दिवसांत नर्सिंगच्या मोठ्या कॉलेजातली एक मुलगी आली. तिला अभ्यास करायचा होता, नर्स लोक कामानं किती थकतात, थकून परत कशा उभ्या राहतात, आणि आयुष्यात सुखी आहेत का, याचा. वॉर्डातल्या तिन्ही पाळ्यांच्या मिळून चौदा जणी, चौदा फॉर्म. "प्रामाणिकपणे भरा हं ताई," म्हणाली. पोरी तिच्या तोंडावर गोड हसल्या, आणि ती गेल्यावर एकजण म्हणाली, "मी किती थकते ते भरायला बसले तर अजून थकीन." गठ्ठा माझ्याकडं आला. "मावशी, तुमचं अक्षर छान आहे, टाका की भरून."

मी भरले. वय, नोकरीची वर्षं, रोज किती पेशंट बघता, सगळे आकडे. मग खुणा. घरी गेल्यावर चिडचिड होते का? कधीकधी. संकटातून लवकर सावरता का? बहुतेक वेळा. शेवटी एक ओळ होती, तुम्हाला कामात आनंद कशानं मिळतो ते आपल्या शब्दांत लिहा. मी दर वेळी शाळेच्या फळ्यावर लिहायचे तसलं काहीतरी लिहिलं.

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या होत्या, "माझा कोरा ठिव."

मी हातात घेऊन बसले. कोरा गेला तर ऑफिसात विचारतील, इन्चार्जचाच का कोरा? मग सगळ्यांचे कुणी भरले? मी तोही भरला. 'आपल्या आयुष्याबद्दल आपण समाधानी आहात का?' याच्यापुढं पाच चौकोन होते, अजिबात नाही पासून पूर्णपणेपर्यंत. मी शेवटच्या चौकोनात खूण केली. कुणाला शंका नको.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी अकरा नंबर गेले.

अकरा नंबर म्हणजे बिडकीनकडचे एक म्हातारे शिंपी. हात कायम मांडीवर, बोटं चादरीची किनार चाचपडत असायची, जणू शिवण तपासतायत. मला बेटी म्हणायचे. सगळ्या वॉर्डात मला अशी हाक मारणारा एकच माणूस. छातीत पाणी झालं होतं, हृदयही मोठं झालेलं. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी खाटेजवळून जात होते तर ते म्हणाले, "बेटी, ठंडी बजरी मेरेकू." मी कपाटातून दुसरं ब्लँकेट आणून त्यांच्यावर टाकलं. ब्लँकेटखाली ते हलत होते. सिस्टर तेव्हा दुसऱ्या टोकाला, एका नातेवाइकाशी त्यांचं भांडण चाललं होतं. मी जाऊन दहाचे चार्ट भरायला बसले. अकरा नंबरपुढं लिहिलं, अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. कालच्यासारखंच.

एक वाजता बसून दोनचं पण लिहिलं. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार.

एक चाळीसला ते गेले. धावपळ झाली, डॉक्टर आले, छाती दाबली, मशीन आणलं. डॉक्टरांनी फाईलवर वेळ लिहिली, एक चाळीस, आणि सही केली. चार्ट तसाच फाईलला लागला. माझ्या लक्षातच आलं नाही. मी दुसरीकडं चादर ओढत होते.

त्यांचा मुलगा कागदांवर सह्या करत होता, तेव्हा त्यानं पान उलटलं. शांत माणूस होता, सहा दिवसांत त्याचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. तो चार्ट हातात घेऊन वॉर्डाच्या मधोमध आला.

"मेरे अब्बा एक चालीस को गुजरे. दो बजे इनका बुखार कौन नापे जी?"

त्यानं कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"मुर्दे का बुखार नापे क्या तुम लोगां?"

सगळा वॉर्ड उठून बसला. दुसऱ्या खाटांचे नातेवाईक आपापले चार्ट काढून बघायला लागले. एक म्हणाला, आमच्याकडं तर कुणी थर्मामीटर घेऊन आलंच नाही दोन दिवसांत. मग आवाज वाढला. कुणीतरी ट्रॉली ढकलली, बाटल्या फुटल्या. इन्चार्ज सिस्टर मधे जाऊन उभ्या राहिल्या आणि एका माणसानं त्यांच्या तोंडासमोर बोट नाचवलं. मी लिननच्या खोलीत शिरून दार लावून घेतलं. हे मी लिहिते, कारण हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मेट्रन मॅडमच्या ऑफिसात बोलावणं. टेबलामागं मेट्रन, बाजूला ट्रस्टचे प्रशासक साहेब. समोर म्हाताऱ्यांचा मुलगा. इन्चार्ज सिस्टर, त्या दिवशी त्यांच्याबरोबर ड्यूटीला असलेली तरुण सिस्टर, आणि मी, दाराशी. मी सकाळीच पिशव्या काढून ठेवल्या होत्या. बादलीत भांडी भरून ठेवली होती. काम गेलं तर संध्याकाळपर्यंत खोली गेली, आणि मग मी कुठं जाणार होते ते मला माहीत नव्हतं. भावाच्या घरी कायमची जायचं नव्हतं, आणि तात्पुरतं जायला मी काय पाहुणी होते?

साहेबांनी विचारलं, "हा चार्ट कुणी लिहिला?"

तरुण सिस्टर खाली बघत म्हणाली, "सर, चार्ट मावशी लिहितात. आम्ही लिहीत नाही."

मला आठवतं, माझे पाय एकदम हलके झाले. झालं, म्हटलं. एका परीनं सुटले.

मेट्रन मॅडमनं ड्रॉवर उघडला आणि गठ्ठा बाहेर काढला. ते चौदा फॉर्म. कॉलेजनं परत पाठवले होते, सगळे एकाच हातचे म्हणून. मॅडमनं एक फॉर्म चार्टशेजारी ठेवला, चष्मा लावला, आणि बोट आकड्यावर ठेवलं. माझा चार. झेंड्यासारखा.

"हे सगळं एकाच हातचं आहे. फॉर्म आणि चार्ट. आता मला कुणीतरी खरं सांगा."

इथं इन्चार्ज सिस्टरनं एवढंच म्हणायचं होतं, की आयानं माझ्या पाठीमागं चार्टला हात लावला. नियम त्यांच्या बाजूनं होता. साहेबांनाही तेच हवं होतं. कंत्राटी आया काढली की विषय मिटतो. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते. ब्लाउजला घामाचा पट्टा आला होता.

त्या म्हणाल्या, "चार्ट माझा हाय. फॉर्म बी माझेच."

"चौदाच्या चौदा?"

"पोरींना येळ नव्हता. मी भरले."

मेट्रननं गठ्ठ्यातून एक फॉर्म शोधून काढला. हळूहळू वाचला. "आपल्या आयुष्याबद्दल आपण समाधानी आहात का? पूर्णपणे." मान वर केली. "हे तुमच्या स्वतःच्या फॉर्मवर आहे. हे तुम्ही लिहिलंत?"

सिस्टरना तेव्हा पहिल्यांदा कळलं. मानेवरचा एक स्नायू हलला, तेवढंच मला मागून दिसलं.

"व्हय," त्या म्हणाल्या.

"लिहून दाखवा." मॅडमनं कोरा कागद सरकवला. "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."

सिस्टरनं लिहिलं. त्यांचा चार वरून उघडा, पाय मोडलेल्या खुर्चीसारखा. आंधळ्यालाही फरक कळला असता. मेट्रननं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

सिस्टर म्हणाल्या, "सकाळी सातचं अक्षर अन् दुपारी दोनचं अक्षर एक नसतं, मॅडम. तुम्ही बी वॉर्डात होता की."

मेट्रननं कागदाची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. त्यांना सगळं कळलं होतं.

मग सिस्टर त्या मुलाकडं वळल्या. "चूक माझी हाय. दोनचा आकडा मी एक वाजताच टाकला. मोजला नाय. माफी मागून काय होनार नाय, पन मागते."

तो म्हणाला, "सिस्टर, तुम्हारे अब्बा रहते तो?"

"तरी असंच झालं असतं," त्या म्हणाल्या. "अडतीस खाटा हायेत, भाऊ."

साहेब खोकले. त्यांना ते वाक्य त्या मुलापुढं नको होतं. मुलगा उठला, चार्टचा कागद टेबलावर ठेवला, आणि कुणाकडं न बघता निघून गेला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

सिस्टरना मेमो मिळाला. मला काही झालं नाही. मी खोलीवर जाऊन पिशव्या रिकाम्या केल्या, आणि मग वॉर्डात परत गेले. सिस्टर लिननच्या खोलीत होत्या. मी सरळ खाली वाकले.

"पाय सोड. बँडेज सुटंल."

"सिस्टर, तुमचे उपकार..."

"तुझ्यासाठी नाय केलं. तुला काढली असती तर दुसरी आली असती. तिला शिकवायला माझ्यात दम नाय." मग माझ्याकडं बघितलं. इतक्या रागानं त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. "कोरा ठिव म्हणले होते ना? मला न इचारता समाधानी केलंस व्हय गं?"

मी थप्पीतली वरची चादर उगाच सरळ केली.

"चारचौघांत हो म्हणाया लावलंस."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं, आणि रडणं थांबल्यावर विचारलं, "दहाचं कुणी लिवलं?"

ऑफिसात सगळ्यांनी दोनचंच विचारलं होतं. दहाचं कुणी विचारलं नव्हतं. मला वाटत होतं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"मी."

"थरथरत व्हता का?"

"हो. ब्लँकेट दिलं मी."

त्या कपाटाकडं बघत राहिल्या. "दोनचं मी घेतलं," त्या म्हणाल्या. "दहाचं माझं बी हाय, तुझं बी हाय. तुझ्या वाट्याचं मी नाय घेनार. ते तुझ्यापाशी ठिव."

डॉक्टर नंतर म्हणाले होते की तो वाचणारा पेशंट नव्हता. डॉक्टर सगळ्यांच्याच बाबतीत तसं म्हणतात. मी माझ्या वाट्याचं ठेवलेलं आहे.

त्या दिवसापासून सिस्टर स्वतः मोजायच्या. अडतीस खाटा, प्रत्येकाच्या काखेत थर्मामीटर, पूर्ण वेळ. त्यात बाकीची कामं मागं पडायची, नातेवाईक जास्त ओरडायचे, आणि त्या त्यांच्या दुप्पट ओरडायच्या. दोनला सुटणारी बाई चारला सुटायला लागली. मला पुन्हा त्यांनी पेन हातात धरू दिलं नाही, फळ्यासाठीसुद्धा नाही. जेवणाची यादी त्या स्वतः लिहायच्या, आणि 'वरण' कुणाला वाचता यायचं नाही.

मेमोनं त्यांचं काय गेलं ते मला वर्षभरानं कळलं, तेही त्या तरुण सिस्टरकडून. पैठण रस्त्यावरच्या एका निवासी शाळेत नर्सची जागा निघाली होती. पोरांचे ताप, खरचटणं, एवढंच काम. दुपारी टेबलापाशी बसून जेवायला मिळणार. सिस्टरची मुलाखत झाली होती, त्यांना बोलावणंही आलं होतं. फक्त मेट्रनचं चांगल्या वर्तणुकीचं पत्र हवं होतं. मेमो असलेल्याला ते पत्र मिळत नाही. "सहा महिने वाट बघत होत्या त्या," तरुण सिस्टर म्हणाली, "आणि तुमच्यासाठी घालवलं, मावशी. तुमच्यासाठी! मला तर त्यांनी कधी रजा दिली नाही."

मी त्या संध्याकाळी मेट्रनला पत्र लिहायला बसले. खरं काय ते लिहिलं, माझ्या अक्षरात. सकाळी फाडलं. पुन्हा एकदा लिहिलं, तेही फाडलं. तिसऱ्यांदा पाकिटात घालून ऑफिसच्या दारापर्यंत गेले, आणि आत कुणाचा तरी खोकला ऐकून परत फिरले. मी अशीच आहे. त्यांनी मला वाचवलं ते मी धीट निघेन म्हणून वाचवलं नव्हतं, हीच त्यातली बरी गोष्ट.

त्या पुढची सहा वर्षं त्याच वॉर्डात राहिल्या. गुडघे गेले, बोलणं आणखी कडू झालं. निरोप समारंभाला वॉर्डातून पाचजणी आल्या. समोसे उरले. भाषण करायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बारा नंबरची सलाईन बघा, संपली असंल." आणि खाली बसल्या.

आता त्या वैजापूरला भावाकडं असतात. मी अजून इथंच आहे, कायम झाले, खोली पक्की मिळाली. महिन्यातून एकदा फोन करते.

"सिस्टर, मी."

"कोण मेलं?"

"कुणी नाही. सहज केला."

"मग ठिव. भावजय बघतीय."

मागच्या वेळी आवाज बसलेला वाटला. मी विचारलं, ताप आहे का? म्हणाल्या, "असंल. इथं कोण मोजतंय?" आणि फोन ठेवला. त्यानंतर दोनदा केला, उचलला नाही. माझ्या डोक्यात रात्रंदिवस तेच आहे.

सिस्टर, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर चिडू नका, किंवा चिडा. मी येईन. आज रजा मिळाली नाही, पण मी येईन. तुम्ही पडून असाल तेव्हा तुमच्या खाटेशी बसेन, तुम्ही हाकललं तरी उठणार नाही. तुम्हाला नावानं हाक मारेन, नंबरानं नाही. थर्मामीटर तुमच्या काखेत पूर्ण वेळ धरेन, घड्याळ बघून, दिवसातून चार वेळा, दहाला आणि दोनलासुद्धा. तुम्ही थरथरलात तर ब्लँकेट देऊन निघून जाणार नाही. आणि जे दिसेल तेच लिहीन.